रविवारी कबुली दिली की सोमवारपासून मोकळे?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गुड फ्रायडेच्या निमित्ताने तुमच्या पुरवणीत लेख आला तो वाचला, चांगला होता, पण त्यात एक वाक्य असं होतं की ख्रिश्चन माणसाने कितीही पाप केलं तरी रविवारी जाऊन कबूल केलं की त्याची पाटी कोरी. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय, वर्गातली मुलं म्हणायची, ऑफिसात लोक म्हणतात, व्हॉट्सअ‍ॅपवर तर त्याचे जोक फिरतात. इतकी वर्षं हसून सोडून दिलं. आता छापून आलंय म्हटल्यावर लिहायलाच बसलो.

मी प्रोटेस्टंट घरातला आणि बायको कॅथलिक, त्यामुळे दोन्हीकडचं थोडंफार माहितीय. आमच्यात फादरसमोर बसून कबुली द्यायची पद्धत नाही, थेट देवाशीच बोलायचं. कॅथलिकांमध्ये कन्फेशन आहे, पण तिथेही नुसतं बोलून दाखवलं की झालं असं नसतं. मनापासून वाईट वाटायला हवं, परत करणार नाही असा निश्चय हवा आणि ज्याचं नुकसान केलंय त्याचं भरून द्यायला हवं. पैसे खाल्लेत तर पैसे परत करा, बदनामी केलीय तर चारचौघांत शब्द मागे घ्या. हे करायची तयारीच नसेल तर माफीचे शब्द फादर कितीही वेळा उच्चारोत, काही उपयोग नाही, हे तिथल्या कुणालाही विचारा.

माझ्या मते अर्धा गोंधळ आपल्या मराठी शब्दामुळे झालाय. पश्चात्ताप म्हणजे नंतर होणारा ताप, मनाची जळजळ, गिल्ट म्हणतात तसलं काहीतरी. बायबलच्या नव्या करारात जो ग्रीक शब्द आहे, मेटानोइया, त्याचा अर्थ मन बदलणं, आणि जुन्या करारात हिब्रूत जो शब्द येतो, शूव, तो तर साधा रस्त्यावरचा शब्द आहे, मागे फिरणं. चुकीच्या रस्त्याने चाललोय हे कळल्यावर रडत रडत त्याच रस्त्याने पुढे जाणाऱ्याला कोणी मागे फिरला म्हणेल का? पाप या शब्दाचंही तसंच. हिब्रूतल्या शब्दाचा मूळ अर्थ नेम चुकणं. जुन्या करारातल्या शास्ते नावाच्या पुस्तकात 700 डावखुऱ्या गोफणवाल्यांचा उल्लेख आहे, केसावर दगड मारला तरी नेम चुकत नसे, तिथे हेच क्रियापद वापरलंय. म्हणजे पाप ही नुसती नियम मोडल्याची यादी नाही, ज्यासाठी माणूस घडवला गेला ते सोडून तो भलतीकडेच जाऊन पडला, असा त्याचा अर्थ.

आता जक्कयची गोष्ट घ्या, लूकने लिहिलेल्या येशूच्या चरित्रात 19 व्या अध्यायात आहे. जकातदारांचा मुख्य, रोमन लोकांसाठी कर गोळा करणारा, बुटका म्हणून झाडावर चढून येशूला बघणारा. संडे स्कूलमध्ये आम्हाला फक्त झाडच शिकवलं, त्यावर गाणंपण होतं. पण गोष्टीचा खरा मुद्दा झाडावरून उतरल्यावर येतो, तो म्हणतो माझी अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि कुणाला फसवून घेतलं असेल तर चौपट परत करतो. चौपट! जुन्या करारातल्या मोशेच्या नियमशास्त्रात कबुली दिल्यावर मूळ रक्कम आणि वर एक पंचमांश एवढंच द्यायला सांगितलंय, मेंढी चोरून विकली किंवा कापली असेल तर मात्र एकीच्या चार. हा माणूस स्वतःला मेंढीचोराचा दंड लावून घेतो, आणि तेव्हा येशू म्हणतो की आज या घराला तारण, म्हणजे पापातून सुटका, मिळालं. रविवारी कबुली आणि सोमवारी मोकळा, यात कुठे बसतं हे?

मग कुणी विचारेल, आणि विचारायलाच हवं, की येशूच्या दोन्ही बाजूंना वधस्तंभावर खिळलेल्या दोघा गुन्हेगारांपैकी त्या एकाचं काय? त्याच्याकडे परत द्यायला ना पैसे ना वेळ, हात खिळलेले, आणि तरी येशू त्याला म्हणतो आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. बरोबर आहे. म्हणूनच परतफेड ही माफीची किंमत नाही, असंच ख्रिस्ती शिकवण सांगते. पण तो गुन्हेगार मरताना काय म्हणतो ते बघा, आपल्याला आपल्या कर्माचं योग्य फळ मिळतंय, याने, म्हणजे येशूने, मात्र काही अयोग्य केलं नाही. एकही सबब सांगत नाही. त्याला जेवढं मागे फिरता येत होतं तेवढा तो फिरला. जक्कयकडे पैसे होते म्हणून त्याचं मागे फिरणं पैशातून दिसलं, एवढाच फरक.

सगळ्यात जास्त मला विचार करायला लावतात येशूचे दोन शिष्य, यहूदा आणि पेत्र. एकाच रात्री दोघांनी दगा दिला, यहूदाने पैसे घेऊन त्याला धरून दिलं आणि पेत्राने मी याला ओळखतच नाही असं तीनदा म्हटलं. यहूदाला वाईट वाटलं नाही असं नाही हो, उलट त्याने चांदीची ती 30 नाणी परत नेली, मी निर्दोष माणसाला धरून देऊन पाप केलं असं तोंडाने कबूलही केलं. याजक, म्हणजे ज्यांनी पैसे दिले होते ते मंदिरातले पुरोहित, काय म्हणाले, त्याचं आम्हाला काय, तुझं तू बघ. देवाच्या नावाने बसलेल्या माणसांनी तोंडावर दार लावलं आणि तो जाऊन फास घेतो. (हे वाचताना मला यहूदापेक्षा त्या याजकांचीच भीती वाटते, कारण तसं बसणारे आमच्याकडेही कमी नाहीत.) पेत्र पण बाहेर जाऊन ढसाढसा रडला, पण तो परत येतो, आणि योहानाच्या शेवटच्या अध्यायात येशू त्याला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का. तीनदा नाकारलं होतं म्हणून तीनदा. आणि तिथे कोळशाचा विस्तव पेटलेला आहे. त्या ग्रीक शब्दाने असा विस्तव अख्ख्या नव्या करारात दोनच ठिकाणी येतो, एक इथे आणि एक त्या अंगणात जिथे पेत्र शेकत उभा राहून नाकारत होता. म्हणजे माफ करताना येशूने ती जखम झाकली नाही, पेत्राला त्याच वासात, त्याच धुरात उभं करून तो बोलला.

आता वधस्तंभ. लेखात म्हटलंय की ज्यूंनी येशूला क्रूसावर दिलं, हे तर दुरुस्त कराच. ही रोमन शिक्षा होती, गुलामांना आणि बंडखोरांना द्यायची, हुकूम पंतय पिलात या रोमन सुभेदाराचा, आणि सगळ्या ज्यू लोकांवर हा दोष टाकणं चूक आहे हे कॅथलिक चर्चने 1965 साली अधिकृतपणे सांगितलंय. फार उशिरा सांगितलं, त्याआधी या एका आरोपावरून किती लोक मारले गेले ते इतिहासात आहेच.

एका हिंदू मित्राने मला एकदा विचारलेलं, पाप तू करणार आणि शिक्षा तिसऱ्याच निर्दोष माणसाला, हा कसला न्याय? प्रश्न अगदी रास्त आहे, आणि आमचे काही प्रचारक जसं सांगतात तसं ऐकलं तर उत्तर सापडतही नाही. मार्कने लिहिलेल्या चरित्रात येशूच्या तोंडी खंडणी हा शब्द आहे, पुष्कळांसाठी जीव खंडणी म्हणून देणं, आता मराठीत खंडणी म्हटलं की डोळ्यासमोर गुंड येतात आणि मग खंडणी नेमकी दिली कुणाला यावर जुन्या धर्मपंडितांनी शेकडो वर्षं वाद घातला, कुणी म्हणे सैतानाला, कुणी म्हणे छे, त्याचा काय हक्क. पण पौल हा सुरुवातीचा प्रचारक करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहितो की देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता. म्हणजे तिथे टांगलेला माणूस तिसरा कुणी नाहीच, ज्याला आपण देणं लागत होतो तो देवच ते नुकसान सोसतोय. प्रभूच्या प्रार्थनेत मराठीत आम्ही म्हणतो आमची ऋणे आम्हांला सोड. कर्ज सोडून दिलं म्हणजे ते हवेत विरत नाही, सोडणाऱ्याच्या खिशातून जातं.

हे मला पुस्तकातून नाही कळलं. फार वर्षांपूर्वी नोकरीत माझी एक चूक मी गप्प राहून एका सहकाऱ्याच्या नावावर जाऊ दिली, त्याचं प्रमोशन गेलं. मी चर्चमध्ये रडलो, प्रार्थना केली, मला हलकंपण वाटलं, म्हणजे तुमच्या लेखातलाच ख्रिश्चन. दोन वर्षांनी साहेबांना लेखी दिलं आणि त्याच्या घरी गेलो. त्याने पाणी दिलं, ऐकून घेतलं आणि म्हणाला, तुला आज बरं वाटेल, माझी दोन वर्षं कोण देणार? माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही. तो आता भेटला तर बोलतो, पण माफ केलं असं कधी म्हणाला नाही, आणि मी विचारलेलंही नाही.

शेवटी एक कबूल करतो, लेखकाचा समज हवेतून आलेला नाही. पापाच्या शिक्षेत सूट देणारी पत्रं चर्चने खरोखर पैसे घेऊन वाटली, म्हणून तर 1517 साली मार्टिन ल्यूथर या जर्मन धर्मगुरूने, ज्याच्यापासून आम्हा प्रोटेस्टंटांची सुरुवात झाली, 95 मुद्दे मांडले, आणि त्यातला पहिलाच मुद्दा असा की विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्यच पश्चात्ताप असावं, असं ख्रिस्ताला म्हणायचं होतं. रविवारचा अर्धा तास नव्हे.

पत्र लांबलं, कात्री लावायची तर ल्यूथरला लावा, जक्कयला नको.

आपला,
एक नियमित वाचक

ता. क. लेखासोबतच्या चित्रात हव्वेच्या हातात सफरचंद दाखवलंय. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकात नुसतं फळ म्हटलंय, कुठलं ते नाही. लॅटिनमध्ये सफरचंद आणि वाईट हे दोन शब्द जवळपास सारखेच आहेत, तेव्हा बिचाऱ्या सफरचंदाचं नाव त्यातूनच आलं असावं असं म्हणतात.