11,500 म्हणाला अन् गायब झाला

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मागं तुमच्या पेपरात हरियाणातल्या गाडीच्या नंबरची बातमी वाचली होती. एचआर 88 बी 8888 हा नंबर 2025 च्या नोव्हेंबरात ऑनलाइन लिलावात 50 हजारापासून सुरू होऊन 1 कोटी 17 लाखाला गेला आणि घेणाऱ्यानं नंतर पैसेच भरले नाहीत, त्याचं गेलं काय तर अनामतीचे दहा-अकरा हजार. तेव्हा मी चहा पीत पीत हसलो होतो, म्हटलं काय एकेक लोक असतात. आता माझ्यावरच पाळी आली म्हणून लिहायलोय.

आमच्या वडिलांचा जुना व्हॉल्व्हचा रेडिओ होता. वडील मिलमध्ये कामाला, त्या काळी पैसे साठवून घेतलेला. लाकडी बॉडी, पुढं जाळीचं कापड, आणि तो हिरवा डोळा, स्टेशन बरोबर लागलं की मिटत यायचा. सोबत लायसन्सचं पुस्तक पण होतं, पोस्टात दरवर्षी पैसे भरून शिक्के मारून आणलेलं, हल्लीच्या पोरांना सांगितलं की रेडिओ ऐकायला लायसन्स लागायचं तर खोटं वाटतं. घर रंगवायला काढलं, जागा नाही, पोरगा म्हणाला जुन्या वस्तूंच्या ग्रुपवर लिलावाला टाका. टाकला. सुरुवात 2,000, रविवारी रात्री 10 ला बंद.

तिघं चौघं बोलत होते. 7,200 ला एक जण थांबला. मग दोघंच राहिले, एक लातूरचा आणि एक हा आमचा बहाद्दर. 7,500, 8,000, 9,000... आमची मंडळी भाकरी सोडून मोबाईलमध्ये बघायला लागली. लातूरवाला 11,000 म्हणाला आणि 9 वाजून 58 मिनिटांनी ह्यानं 11,500 टाकलं. ग्रुपवर अंगठे, टाळ्या, अभिनंदन काका.

सोमवारी मी रेडिओ जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळला, नवी पेठेतल्या ओळखीच्या दुकानातून मोठा खोका आणला, कोपऱ्यात थर्माकोल कोंबला, अर्धा दिवस गेला त्यात. पत्ता पाठवा म्हटलं तर निळ्या खुणा दिसतात पण उत्तर नाही. बुधवारी मेसेज आला, काका सॉरी, चुकून एक शून्य जास्त पडला. अरे बाबा, एक शून्य काढला तर 1,150 होतात, लिलाव सुरूच 2,000 पासून होता! हे म्हटल्यावर मग म्हणतो, घरचे नको म्हणायलेत. त्यानंतर ब्लॉक.

आता लोक म्हणतील त्यात काय एवढं, दुसऱ्याला द्या. तीच तर गंमत आहे साहेब. लातूरवाल्याला फोन लावला तर तो पहिलं वाक्य काय बोलला, "काका, तो तुमचाच माणूस होता ना?" माझे कान गरम झाले. पण त्याचं तरी काय चुकलं. भाव चढवायला आपलाच माणूस घुसवायचा आणि तो गडप झाला की दुसऱ्याच्या गळ्यात माल मारायचा, असं करणारे आहेतच की. 1930 च्या सेल ऑफ गुड्स ॲक्टमध्ये कलम 64 त्यासाठीच आहे, विकणाऱ्यानं आधी न सांगता स्वतः किंवा दुसऱ्याकरवी बोली लावली तर घेणारा त्याला फसवणूक मानू शकतो. त्याच कलमात हे पण आहे की हातोडा पडेपर्यंत कोणीही आपली बोली मागं घेऊ शकतो, एकदा पडला की सौदा पूर्ण. म्हणजे मागं फिरायची सोय कायद्यानं दिलीय, फक्त ती आधीची आहे, नंतरची नाही. आमच्याकडं रात्रीचे 10 हाच हातोडा.

आणि लातूरवाला पुढं जे बोलला त्यानं मी गप्पच झालो. म्हणाला, काका, तो मध्ये नसता तर मी 7,200 च्या वर एकदाच बोललो असतो, 7,500 ला मला पडला असता, 11,000 पर्यंत मला त्यानंच ओढत नेलं. खरंय की! पळून जाणारा आपली एकट्याची बोली नेत नाही, त्यानं दुसऱ्याच्या तोंडून वदवून घेतलेले आकडे पण खोटे करून जातो.

मी काही धुतल्या तांदळाचा नाही. दोन वर्षांपूर्वी पोरानं मला बँकेनं जप्त केलेल्या फ्लॅटच्या ई-लिलावात उतरायला लावलं होतं. तिथं अनामत आधी, बोली नंतर. जिंकला की त्याच दिवशी नाहीतर पुढच्या कामाच्या दिवशी एकूण 25 टक्के भरायचे, बाकीचे 15 दिवसांत, लेखी मुदत वाढवून घेतली तर गोष्ट वेगळी. नाही भरले तर भरलेले जप्त, आणि सुप्रीम कोर्टानं पण 2024 च्या फेब्रुवारीत एका केसमध्ये ते सगळे 25 टक्के जप्त करणं बरोबर धरलं. हे कळल्यावर माझं बोट त्या बटणावर तीनदा गेलं आणि तीनदा मागं आलं, शेवटी बोललोच नाही. अनामत नसती तर मी पण जोशात काहीतरी बोलून बसलो असतो आणि रात्री बायकोनं हिशोब विचारल्यावर फोन बंद करून झोपलो असतो.

आमचा मेहुणा मोहोळकडून कांदा घेऊन मार्केट यार्डात येतो. तिथं सगळं सरळ असतं असं नाही, वर भाव बोलायचा आणि पोती उलटल्यावर खाली माल खराब निघाला म्हणून पैसे कापायचे हे त्यानं पण सोसलंय. पण तिथं बोलणारा समोर उभा असतो, उद्या परत त्याच यार्डात तोंड दाखवायचं असतं. मोबाईलवर तोंडच नाही.

म्हणून ग्रुप चालवणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे की बोलायच्या आधी सुरुवातीच्या किमतीच्या निदान 10 टक्के टोकन यूपीआयनं घ्या, हरलेल्याला रात्रीच परत करा. जिंकणारा पळाला तर टोकन विकणाऱ्याला द्या आणि पळालेल्याच्या सगळ्या बोल्या खोडून भाव परत लावा. फोटोत न दाखवलेली मोडतोड निघाली तर मात्र घेणाऱ्याला माघार घेऊ द्या, तिथं चूक विकणाऱ्याची. आणि खरंच कोणाची अडचण झाली तर त्यानं त्याच रात्री सांगावं, खोका आणायच्या आधी!

रेडिओ शेवटी लातूरवाल्यालाच गेला, 7,500 ला. तो स्वतः एसटीनं आला, वायर लावून गरम होईपर्यंत शांत बसला, हिरवा डोळा उजळला तेव्हा खिशातून पैसे काढले. चादर पण मागत होता. ती दिली नाही, शेंगाचटणीचा पुडा दिला.

आपला,
एक जुना वाचक, सोलापूर