चादरीखालचा रोबो

उद्यमबाग, बेळगाव
रविवार, रात्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझा मेसेज परवाच वाचला. उत्तर फोनवर टाइप करायला घेतलं, दोनदा लिहून पुसलं, शेवटी कागदच पुढ्यात ओढला. तू रागावलायस आणि तो राग खरा आहे. म्हणून घाईत दोन ओळी खरडून मोकळं व्हावंसं वाटेना.

तू लिहिलंस, ‘रोबोंच्या स्पर्धेसाठी माझ्या टीमच्या पोरांनी चार महिने रात्री जागून बॉल फेकायचं यंत्र केलं. तुझ्या गावच्या पोरांनी व्हिडिओ बघून ते ढापलं. आणि तू त्यांना मदत करतोस?’ होय, करतो. कशी करतो ते आधी सांगतो, मग तू काय म्हणायचं ते म्हण.

ही पोरं दुसऱ्या वर्षाची. चौघं आहेत, दोघं मराठी, दोघं कन्नड. कॉलेज सुटलं की बसनं थेट आमच्या पॅटर्न शॉपवर, म्हणजे ओतकामाच्या साच्यांसाठी नमुने (पॅटर्न) करतो तिथं, येतात. त्यांनी तुमचा व्हिडिओ थांबवून थांबवून बघितला. चेंडूचा व्यास नियमावलीत दिलेलाच होता, मग स्क्रीनवर पट्टी ठेवून त्रैराशिकानं चाकाचं माप काढलं. दोन चाकं उलटसुलट फिरणारी, मधली फट चेंडूपेक्षा थोडी कमी, मागून चेंडू ढकलायचा. मोटरसुद्धा तशीच आणली. पहिला चेंडू झकास गेला. लगेच दुसरा सोडला, तो हातभर अलीकडे पडला. तिसरा तर पायाशीच. दोन दिवस पोरं वायरिंग तपासत बसली, बॅटरी बदलली, प्रोग्रॅममधले आकडे बदलले. काही उपयोग नाही.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या लेथवरचे मामा चहा प्यायला आत आले. त्यांनी ते चाक काढायला लावलं, तळहातावर घेऊन वरखाली केलं आणि म्हणाले, ‘भाळ हगुर ऐत्री.’ फार हलकं आहे. बस, एवढंच. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. चेंडू दाबून जाताना चाकाचा वेग खातो. चाक हलकं असलं की तो वेग एकदम पडतो, आणि मोटरनं तो परत चढवायच्या आत दुसरा चेंडू येऊन पोचलेला असतो. व्हिडिओत चाकाचा आकार दिसतो रे, वजन कुठं दिसतं?

मग आम्ही चाक जड करायला बीडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, कडं ओतून घेतलं, मामांनी ते टर्निंग केलं, आणि चाकात दांडा घालून तो दोन धारदार पट्ट्यांवर आडवा ठेवून कुठली बाजू खाली येते ते बघत बघत तोल साधला. जड बाजूला बारीक भोकं पाडायची, परत ठेवायचं, परत बघायचं. पोरांनी ते आपल्या हातानं केलं. रात्रीचे साडेदहा वाजले तेव्हा चाक जिथं सोडावं तिथं थांबायला लागलं. आता तिन्ही चेंडू एका जागी पडतात. वेग चढायला मात्र आधीपेक्षा जास्त वेळ लागतो, त्यामुळे सुरुवातीचे काही सेकंद जातात. त्यावर अजून डोकं चालवतायत.

आता मला सांग, यात तुमचं किती आणि त्यांचं किती?

बाबांच्या धंद्यातली एक गोष्ट तुला माहीत आहे का, कोण जाणे. तू शॉपवर यायचास तेव्हा तुझं सगळं लक्ष बॅण्डसॉवर. फौंड्रीत तयार कास्टिंग, म्हणजे ओतलेला माल, आणून तेच वाळूत दाबलं आणि त्या साच्यात धातू ओतला, तर निघणारा माल मूळ मालापेक्षा लहान निघतो. धातू गार होताना आकसतो. बीड मीटरमागे साधारण १० मिलिमीटर, ॲल्युमिनियम १३ च्या आसपास. म्हणून पॅटर्नवाल्याची पट्टीच वेगळी असते, तिच्यावरच्या खुणा तेवढ्या वाढवून मारलेल्या. वर मशीनिंगसाठी जादा माल ठेवायचा, वाळूतून पॅटर्न सुटावा म्हणून बाजूंना उतार द्यायचा. यातलं काहीच तयार मालात दिसत नाही. बाबा म्हणतात, मालावरून माल काढला की तो धाकटाच होतो. त्या पोरांचं नेमकं तेच झालं होतं. त्यांनी तुमचा माल उचलला, पॅटर्न त्यांच्या हाती लागलाच नव्हता. तो त्यांना इथं, बीडाच्या कड्यापाशी सापडला.

तरी त्यांचं चुकलं आहे, आणि मी त्यांना तसं तोंडावर सांगितलं. तुम्हाला विचारायला हवं होतं. डिझाईन कुणाचं बघून सुरुवात केली ते आपल्या रिपोर्टमध्ये लिहायला हवं होतं. लिहिलं नव्हतं. आता पहिल्याच पानावर तुमच्या टीमचं नाव आहे, आणि खाली काय बदललं, का बदललं ते आहे. मी शेजारी बसून लिहून घेतलंय. नाव न लिहिता मिरवणं ही चोरी, यात तुझंमाझं दुमत नाही.

पण तू पुढं लिहितोस, ‘यापुढे रोबो चादरीखाली. झाकली मूठ सव्वा लाखाची.’ इथं माझं तुझ्याशी भांडण आहे.

२०२२ आठव. एबीयू रोबोकॉन, म्हणजे आशिया-पॅसिफिकमधल्या कॉलेजांची रोबो स्पर्धा, त्या वर्षी दिल्लीत होती आणि विषय चक्क लगोरी. नियमावली उघडल्यावर आपण दोघं होस्टेलच्या जिन्यात नाचलो होतो. २००८ ला पुण्यात झाली तेव्हा गोविंदा आणि दहीहंडी, आणि आता लगोरी, म्हणजे आपलाच खेळ! चकत्यांची उतरंड परत रचायला तू तो पकडणारा हात केलास. त्याच्यावर मावशींनी दिलेली निळी चादर टाकायचो. एका छोट्या कॉलेजची पोरं भेटली होती, पहिल्यांदाच उतरलेली. त्यांनी विचारलं, ‘चकती वाकडी येते, तुम्ही काय करता?’ आपण म्हणालो, आमचं अजून ठरलेलं नाही. ठरलेलं होतं. तो पोरगा ‘बरं’ म्हणून गेला. त्याचा चेहरा मला अजून आठवतो.

आणि मग सरावात आपला हात तिसऱ्या चकतीला अडकला. आतल्या बाजूचा एक बोल्ट दोन सूत बाहेर होता. आपण महिनाभर रोज तो बघत होतो आणि आपल्याला दिसला नाही, कारण बघणारे आपणच. बाहेरच्या कुणी पहिल्या दिवशी बोट ठेवलं असतं.

पुढचं तुला सांगितलं नव्हतं. आपण पास झालो, तू पुण्याला गेलास, ड्रॉइंग तुझ्या हार्डडिस्कमध्ये गेली. खालच्या बॅचनं कोऱ्या पाटीवर सुरुवात केली. गेल्या वर्षी स्टोअर रिकामं करताना आपला रोबो भंगारात गेला. मी तिथं उभा होतो. भंगारवाल्यानं तुझा तो हात पिरगाळून तोडला, ॲल्युमिनियम वेगळं, लोखंड वेगळं, आणि काट्यावर टाकला. किलोच्या भावानं. दुसऱ्या टीमपासून लपवता लपवता आपण तो आपल्याच धाकट्यांपासून लपवून बसलो होतो. सव्वा लाखाची मूठ उघडली ती तिथं.

तू म्हणशील, स्पर्धा म्हटली की एवढं चालायचंच. पण अमेरिकेत डीन केमेननं १९८९ साली फर्स्ट ही संस्था काढली, १९९२ पासून त्यांच्या शाळकरी पोरांसाठी रोबोंच्या स्पर्धा होतात, आणि एमआयटीचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांनी तिथं एक वळण पाडलं: मैदानात जीव तोडून लढायचं आणि समोरच्याचा रोबो बंद पडला तर आपला पाना घेऊन धावायचं. तिथली २५४ नंबरची टीम जिंकणाऱ्यांतली, ती आपला प्रोग्रॅम आणि डिझाईन सगळ्यांसाठी खुलं करते. टेक्सासची ११८ नंबरची टीम दरवर्षी कमी साधनांत होईल असा साधा रोबो करून त्याची ड्रॉइंग वाटते, म्हणजे नव्या टीमला निदान मैदानात उतरता यावं. आणि त्यांच्या नियमावलीत कितीतरी वर्षं असा नियम आहे की हंगाम सुरू होण्याआधीचं डिझाईन किंवा प्रोग्रॅम वापरायचा असेल तर तो आधी जगजाहीर करायला हवा. झाकून ठेवलंत तर तुम्हालाच वापरता येणार नाही. मला हा नियम फार आवडतो.

तुमच्या रोबोला न वळता आडवं सरकवणारी ती चाकं तरी कुणाची? बेंग्ट इलोन नावाच्या स्वीडिश इंजिनिअरनं ती १९७० च्या दशकात काढली आणि पेटंट घेतलं. पेटंट म्हणजे तरी काय? आधी सगळं उघड लिहून द्यायचं, मग ठरावीक वर्षांचा हक्क. आपल्याकडे २० वर्षांचा. त्यानं लिहून दिलं म्हणून आज तुमच्या रोबोखाली ती चाकं आहेत.

चाकणच्या तुझ्या कंपनीची गोष्ट निराळी, ते मला समजतं. बाबासुद्धा गिऱ्हाइकाचा पॅटर्न दुसऱ्या गिऱ्हाइकाला दाखवत नाहीत. कुणी आलं की वर पोतं टाकतात. तो दुसऱ्यानं विश्वासानं ठेवलेला माल आहे. स्पर्धेच्या दिवशीचे डावपेचही झाकून ठेवा, त्याला कोण नाही म्हणतं. पण शिकायला आलेल्या पोरांनी शिकलेलंच लपवायचं, हे माझ्या गळी उतरत नाही.

आणि आपला भाग बघ की. तुमच्याकडे सीनिअर्सची रांग आहे, मागच्या दहा रोबोंचे सुटे भाग कपाटात आहेत. खानापूर, चिकोडी, निपाणीकडून येणाऱ्या पोरांकडे फोन असतो आणि फोनवरचा तुमचा व्हिडिओ. तोच त्यांचा सीनिअर. इथं पाटी कुठल्या भाषेत लावायची यावरून आपल्या जन्माआधीपासून वाद आहे, पण ड्रॉइंग टेबलावर पसरलं की चारही डोकी एकाच मापावर वाकतात. मी रोज बघतो.

म्हणून दोन मागण्या आहेत. एक, तुझ्या पोरांना या पोरांशी बोलू दे. चाकाचा वेग चढायला वेळ लागतो त्यावर तुम्ही काय केलंत ते सांगा, आणि आमच्या कड्याचं ड्रॉइंग मी सोबत पाठवतोय ते तुम्ही वापरा. दोन, लगोरीच्या त्या हाताची फाईल हार्डडिस्कवर असेल तर शोध. चुकलेल्यासकट सगळी पाठव, आणि तो बोल्ट जिथं अडकला तिथं लाल खूण करून पाठव.

गणपतीला येशील तेव्हा शॉपवर ये. मामा तुझी आठवण काढतात. काका-काकूंना नमस्कार सांग. आपली बेळगावी मिठाई, कुंदा, मंगळवारच्या गाडीनं पाठवतोय, स्टँडवरून आठवणीनं घे.

तुझाच,
पॅटर्नवाला