मागचे शॉकअप बदलले

साखळी,
श्रावणातला पहिला सोमवार

प्रिय बाबू,

अकरा महिने तुला काही कळवलं नाही. तुझे फोन आले, उचलले नाहीत. दिवाळीला तू घरी आलास तेव्हा बेळगावला भाडं आहे म्हणून निरोप धाडला. भाडं नव्हतं. आई बरी आहे, गुडघे दुखतात. मी बरा.

पिकअपचे मागचे शॉकअप बदलले. एवढ्यासाठी पत्र कशाला, म्हणशील. पण ते का बदलले हे तुझ्याशिवाय कुणाला सांगण्यासारखं नाही, आणि तुलाच सांगायचा धीर होत नव्हता.

गेल्या चवथीला तुमच्या घरच्या गणपतीचा हात माझ्या गाडीत तुटला.

लिहून टाकलं. आता सगळं सांगतो. आदल्या रात्री डिचोलीहून नऊ मूर्ती भरल्या होत्या, तुमची केरीची सगळ्यात शेवटी उतरवायची. खाली गवत, मध्ये कोंड्याची पोती, सगळं आपण दोघं करायचो तसंच. फक्त हौद्यात बसून मूर्ती धरायला तू नव्हतास. साखळी गाव सोडलं, रम्बलर, म्हणजे रस्त्यावरचे ते ओळीने घातलेले उंचवटे, हळूच ओलांडले. पुढे पाइपासाठी खणून बुजवलेला चर होता, पावसात माती बसलेली. पुढची चाकं गेली, मागची गेली, आणि मागचा भाग असा उसळला की फळीचा खटका सुटला. उतरून बॅटरी मारली. आशीर्वादाचा हात मनगटाशी तुटून गवतात पडला होता. बोटं सगळी शाबूत. बाबू, त्या अंधारात मी किती वेळ तसाच उभा होतो, मला आठवत नाही.

परत डिचोली. मूर्तिकार काकांनी गणपतीची शाळा, म्हणजे मूर्तींचा कारखाना, बंद केली होती, पुन्हा उघडली. एक शब्द बोलले नाहीत. मातीत कापूस घालून मळली, मनगटात बांबूची काडी बसवली, हात जोडला, दिव्याखाली सुकवला, रंग दिला. पहाटे म्हणाले, "भटजी प्राणप्रतिष्ठा करतील तेव्हा देव. आज ही माती आहे, आणि माती सांधायचं काम माझं." मी मूर्ती तुमच्या ओसरीवर उतरवली. तुझ्या आईने ओवाळलं, तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "यंदा देव हसतोय रे." माटोळीखाली, देवावर टांगलेल्या त्या फळाफुलांखाली, पाच दिवस आरतीला उभा राहिलो. टाळ माझ्याच हातात होते, नजर मनगटावर. काकांचं म्हणणं मला पटतं. पण काकूला, तुझ्या आईला, न सांगणं मला पटत नाही, आणि तेव्हा मी सांगितलं नाही.

म्हणून शॉकअप. विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी म्हापशाला जाऊन नवीन जोडी आणली. दुकानातल्या पोराला म्हटलं, गाडी मागे फार उसळते. त्याने सगळ्यात कडक जोडी काढून दिली, "हेवी ड्युटी आहे, उसळणारच नाही." बसवली आणि गाडी आधीपेक्षा वाईट झाली. उसळी थांबली, पण रस्त्यावरचा प्रत्येक खडा पाठीच्या कण्यात येऊ लागला. सहा महिने तशीच चालवली. पैसे गेले होते, आणि कुणाला विचारावं तर आधी हाताची गोष्ट सांगावी लागेल अशी मला भीती. चूक होती ती. गाडीचं विचारायला गणपतीचं सांगायची काय गरज होती?

शेवटी मार्चमध्ये टिप्परवाल्या मेस्ताकडे गेलो. तोच, ज्याच्या गॅरेजात तू पाना चोरला असा आळ आला आणि तो पाना पुढे त्याच्याच खिशात सापडला. तुझी आठवण काढतो तो, पाना मात्र अजून लपवून ठेवतो. त्याने आधी मला त्याच केरीच्या रस्त्याने गाडी पळवून आणायला लावली. म्हटलं, जुनी जोडीही आणलीय. ती पुन्हा चढवून परत तेवढंच पळवायला लावलं. आलो तसा गाडीखाली शिरला आणि दोन्हींना हात लावला. डावा गरम, उजवा थंड. "थंड तो मेलेला," म्हणाला. वजन शॉकअप उचलतच नाही, ते पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, उचलतात. पाटा दबून उसळतो ती उसळी जिरवायची एवढंच शॉकअपचं काम. आतलं तेल बारीक भोकांतून रेटलं जातं आणि धक्क्याची उष्णता होते. काम करणारा शॉकअप तापतो. उजव्याचं सील गेलं होतं, तेल दांड्यावरून ओघळून धुळीत घट्ट झालेलं.

"सील का गेलं?" म्हणून विचारलं, तर त्याने बोट पाट्यांकडे केलं. बाबांच्या पाट्याकडे.

आता तुझ्या-माझ्या भांडणाकडे येऊ. 2012 च्या सप्टेंबरात खाणी बंद पडल्या, तुमचा टिप्पर गेला, आमचा गेला, आणि बाबांनी उरल्यासुरल्या पैशात ही सव्वा टनी पिकअप घेतली, चिरे वाहायला. मग दोन वर्षांनी जादा पाटा टाकून घेतला. तू तेव्हा तोंडावर म्हणालास, "काका, गाडी रिकामी असताना ही दगडासारखी आपटेल." बाबांनी तुला "टिप्पर विकून खाणाऱ्यांनी मला गाडी शिकवू नये" म्हणून सुनावलं आणि मी गप्प राहिलो. दोन महिने तू आमच्या अंगणात आला नाहीस. मी तुझ्यावरच रागावलो होतो, माझ्या बापाला का बोललास म्हणून. तुझं बरोबर होतं. बाबांचंही त्या दिवसांपुरतं बरोबर होतं, कारण चिऱ्यांनी गाडी भरली की ती छान दबायची. पण आता मी चिरे वाहत नाही. मूर्ती, मंडपाचं सामान, नाटकाचे पडदे. नऊ मूर्ती म्हणजे फार तर तीनशे किलो. त्या वजनाला पाटा वाकतसुद्धा नाही, मग धक्का जाणार कुठे? वर जातो. शिवाय जादा पाट्याने मागचा भाग उचललेला, त्यामुळे शॉकअप कायम ताणून उभा. गाडी उसळली की त्याला आणखी लांबायला जागाच नाही, तो आतल्या आत शेवटाला आपटतो. सील त्यानेच गेलं. आणि कडक जोडीने माझं काय केलं, तर वाकत नसलेल्या पाट्याला आणखी आवळून धरलं.

पाटा काढायचा म्हटलं आणि चार दिवस माझा हात पुढे होईना. आईला विचारलं. ती म्हणाली, "काढ, पण भंगारात घालू नको." तो न्हाणीच्या मागे भिंतीला लावून ठेवलाय.

कामाला दोन दिवस लागले. आपल्या हवेत मागचे बोल्ट सुखासुखी सुटतात कुठे? रात्रभर तेल सोडून ठेवलं, तरी एक तुटलाच, गॅस लावून काढला. पाटे उतरवून मधला गंज घासला, सांध्यातले रबरी बुश नवे घातले. नवीन जोडी गॅसची घेतली, पण कडक नव्हे, कंपनीच्या मापाची. तेलाबरोबर नायट्रोजन भरलेला असतो. लांब खराब रस्त्यावर साध्या तेलाला फेस येतो आणि शॉकअप ढिला पडतो, गॅसचा दाब तो फेस होऊ देत नाही. बांधलेली पट्टी कापली की दांडा आपोआप सावकाश वर येतो. तुला ते बघायला आवडलं असतं. मेस्ताने बुशाचे बोल्ट शेवटपर्यंत हातानेच ठेवले आणि गाडी चाकांवर उतरवून मगच आवळले. लटकत्या गाडीत आवळले तर रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं म्हणाला.

मग परीक्षा. कुंभाराकडून साठ कच्च्या पणत्या घेतल्या, भट्टीत न घातलेल्या. काम करायच्या आधी त्या भरून चोर्ला घाटाच्या पायथ्यापर्यंत गेलो होतो, अकरा फुटल्या. फुटलेल्यांच्या जागी नव्या घेऊन काम झाल्यावर त्याच रस्त्याने गेलो. एक फुटली. घाटाकडे बघून तू कुठल्या वळणावर ओकला होतास ते आठवलं आणि एकटाच हसलो. बेळगावची बिर्याणी, कांदा वेगळा मागवलेला! रिकाम्या गाडीत मागच्या टायरांची हवाही आता कमी ठेवतो, त्यानेही फरक पडला. एक्सलच्या वर वाळूची दोन पोती टाकायची तुझी जुनी युक्ती पुन्हा सुरू केली. डिझेल जळतं म्हणून मी तिच्यावर भांडायचो. जळू दे.

रम्बलर अजून लागतात. त्यावर इलाज नाही, तिथे चालत्या माणसाच्या वेगाने जातो.

पुण्याच्या नव्या घरात स्थिरावलास का? वास्तुशांतीला आलो नाही, त्याचं कारण आता तुला कळलं. वहिनीला नमस्कार. पोरीची दहावी ना यंदा? तिला सांग, गणिताला घाबरू नको, बाप तीनदा नापास होऊन माणूस झाला.

आता जे विचारायचं ते. चवथ जवळ आली. काकूने निरोप धाडलाय की गणपती नेहमीसारखा तूच आण. सांगू का तिला? सांगितलं तर गेल्या वर्षीचे पाच दिवस तिच्या मनात खराब होतील, आणि तिची या वयातली श्रद्धा मला मोडायची नाही. न सांगता मूर्ती पुन्हा गाडीत घेतली, तर मी वाटभर तिच्याशी खोटं बोलत गाडी चालवणार. आई तुझी आहे. तू म्हणशील तसं करीन. सांग म्हणालास तर मीच जाऊन सांगेन, तुला मध्ये घालणार नाही. आणि यंदा गाडी दुसऱ्याची कर म्हणालास तरी मी राग धरणार नाही.

काल काकांच्या शाळेत गेलो होतो. तुमच्या मूर्तीचं धड उभं राहिलंय. हात अजून लावलेले नाहीत. पुढच्या सोमवारी लावतो म्हणाले. त्याआधी तुझं उत्तर आलं तर बरं.

तुझा,
भाई