टर्की रात्रभर ओट्यावर ठेवायला सांगू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत थँक्सगिव्हिंगच्या उरलेल्या टर्कीवर जो अर्ध्या पानाचा मजकूर आला आहे, त्यातल्या दोन सूचना तातडीने मागे घ्याव्यात, एवढ्यासाठी हे पत्र. जेवणं आटोपल्यावर टर्की झाकून ओट्यावरच ठेवावी आणि मांस सकाळी सावकाश सोडवावं, ही एक. शंका वाटलीच तर रस्सा दहा मिनिटं खळखळून उकळावा, ही दुसरी. दोन्ही घातक आहेत.

१४ पौंडांची टर्की म्हणजे सव्वासहा किलोंचा ऐवज. ती कोंबडीसारखी तासाभरात निवत नाही. वरची कातडी हाताला गार लागते तेव्हाही मांडीच्या सांध्यापाशी आणि पोटात भरलेल्या सारणात, म्हणजे स्टफिंगमध्ये, चांगली ऊब असते. ४ ते ६० अंश सेल्सिअस या टप्प्यात जिवाणू झपाट्याने वाढतात आणि झाकलेली टर्की रात्रभर नेमकी त्याच टप्प्यात पडून राहते. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्सचे बीजाणू तर ओव्हनमधूनही जिवंत बाहेर पडतात आणि कोमट मांसात, घट्ट ग्रेव्हीत पुन्हा वाढू लागतात. अमेरिकेत या जिवाणूच्या विषबाधा नोव्हेंबर-डिसेंबरात सर्वाधिक होतात, त्या याच मोठ्या जेवणांमुळे. राहिला उकळण्याचा उपाय. स्टॅफिलोकॉकस या दुसऱ्या जिवाणूने एकदा अन्नात विष सोडलं की ते उकळूनही जात नाही. उकळलं की सगळं शुद्ध होतं, हा आपल्याकडचा जुना समज आहे. तो छापून पक्का करू नका.

ओव्हनमधून काढल्यापासून दोन तासांत टर्की फ्रीजमध्ये गेली पाहिजे, आणि तीही अख्खी नाही. आधी स्टफिंग काढून वेगळ्या भांड्यात ठेवायचं. मांड्या सांध्यातून सोडवायच्या, छातीचे दोन्ही भाग हाडालगत सुरी फिरवून अख्खे उतरवायचे आणि मग त्यांचे तुकडे करायचे. भांडी पसरट हवीत, थर दोन इंचांपेक्षा जाड नको. खोल पातेल्यात रचलेलं मांस मध्यभागी गार व्हायला फार वेळ घेतं. कोमट अन्न ठेवल्याने फ्रीज बिघडतो ही भीती सोडा, भांड्यांमध्ये हवा खेळायला जागा ठेवली की झालं. मिशिगन-मिनेसोटाकडची मंडळी पातेलं गराजमध्ये ठेवतात, बाहेर बर्फ आहे म्हणून. गराजचं तापमान गाडीच्या गरम इंजिनाने आणि दुपारच्या उन्हाने वर जातं, तेव्हा ते पातेल्याजवळ कोणी मोजत नसतं.

पण मला सर्वांत जास्त खटकलं ते वेगळंच. शीर्षकात 'वाया न घालवता' असं म्हणायचं आणि मजकुरात मांस काढून सापळा टाकून द्यायला सांगायचं! अहो, टर्कीत खरी चव त्या सापळ्यातच असते. मटणाची हाडं कचऱ्यात टाका असं तुमच्या पुरवणीने कधी लिहिलं असतं का?

टर्कीचं अळणी, म्हणजे हाडं उकळून काढलेलं रश्शाचं पाणी, असं करावं. सापळा हाताने मोडून चार-पाच तुकडे करा. पोटात लिंबाच्या फोडी, रोझमेरी किंवा पावाचं स्टफिंग राहिलं असेल तर ते खरवडून काढा. लिंबाच्या सालीने अळणी कडू होतं आणि पावाने गढूळ. मोठ्या पातेल्यात हाडं जेमतेम बुडतील इतकंच पाणी, १४ पौंडांच्या टर्कीला साधारण चार लिटर. एक कांदा चिरून, आल्याचा दोन इंचांचा तुकडा ठेचून, दहा-बारा मिरी. उकळी आली की आच इतकी कमी करा की कडेला एखाददुसरा बुडबुडा यावा, आणि तीन तास तसंच राहू द्या. खळखळ उकळलं तर चरबी पाण्यात मिसळून अळणी दुधाळ आणि तेलकट होतं. कुकरमध्ये करायचं तर सापळा दोन खेपांत घाला, भांडं दोन तृतीयांशाच्या वर भरू नका, एक शिट्टी झाल्यावर मंद आचेवर ४५ मिनिटं, आणि वाफ आपोआप जिरू द्या. काळीज यात घालू नका, त्याने कडसर चव येते. गाळून पातेलं सिंकमध्ये बर्फाच्या पाण्यात ठेवा, अधूनमधून ढवळा, मग फ्रीजमध्ये. सकाळी वर चरबीची पांढरी साय आणि खाली डावाने कापता येईल असं थरथरतं जेलीसारखं अळणी दिसलं की हाडांचं सत्त्व उतरलं म्हणायचं.

आता मिठाचं. याला अळणी म्हणायचं, पण ते अळणी नसतं. दुकानातल्या बऱ्याच टर्कींमध्ये आधीच मिठाचं पाणी टोचलेलं असतं, घरी ब्राइन केली, म्हणजे मिठाच्या पाण्यात मुरवली असेल तर आणखी भर. त्यात कांदा-लसूण मसाल्यातही मीठ असतं. तुमच्या कृतीत मीठ सुरुवातीलाच घालायला सांगितलं आहे. तसा रस्सा करून पाहिला असता तर ते छापलं गेलं नसतं. मीठ सर्वांत शेवटी, चव घेऊन.

भाजलेल्या हाडांचं अळणी तपकिरी निघतं, त्यामुळे पांढऱ्या रश्शाच्या नादी लागू नका. तो करायचाच असेल तर टर्कीच्या पोटात पिशवीत येणारी मान भाजण्याच्या दिवशीच कच्ची वेगळी काढून तिचं अळणी करा. सापळ्याच्या अळणीला तांबडाच शोभतो. दोन कांदे, अर्धी वाटी सुकं खोबरं आणि चमचाभर खसखस भाजून वाटण, दोन चमचे कांदा-लसूण मसाला, एक लिटर अळणी. हे वीस मिनिटं उकळून तयार झालं की मग मांस. आधी मांडीचं, त्याला पंधरा मिनिटं शिजणं चालतं, उलट बरं लागतं. छातीचं मात्र अगदी शेवटी, वाफाळेपर्यंत तीन-चार मिनिटं. थर्मामीटर असेल तर ७४ अंश. तुम्ही ते अर्धा तास शिजवायला सांगितलं आहे. एकदा शिजलेलं छातीचं मांस पुन्हा अर्धा तास शिजलं की त्याचा काथ्या होतो, दातात अडकतो आणि अर्धं ताटातच राहतं. ही नासाडीच की.

टर्कीला दुसऱ्या दिवशी जो ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो, तो शिळेपणाचा नव्हे. तिची चरबी हवेने लवकर खवट होते, कोंबडीपेक्षाही लवकर. म्हणून मांस उघडं ठेवायचं नाही. डबाभर तुकड्यांवर दोन डाव अळणी ओतायचं आणि झाकण घट्ट लावायचं. फ्रीझरमध्येही तसंच, अर्ध्या किलोच्या चपट्या पिशव्या, हवा दाबून काढलेल्या, वर तारीख. चार महिने चव राहते. काढताना आदल्या रात्री फ्रीजमध्ये सोडायच्या, ओट्यावर नाही.

छातीचं चुरा झालेलं मांस आणि उरलेला मॅश्ड पोटॅटो यांचे पॅटिस होतात. दोन वाट्या मांसाला एक वाटी बटाटा, त्याहून जास्त नको, कारण त्यातल्या लोण्या-दुधाने पॅटिस तव्यावर फुटतात. पोहे मिक्सरमधून काढून मूठभर मिसळा आणि अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून मग शॅलो फ्राय करा.

आणखी एक. शिजवलेली टर्की फ्रीजमध्ये तीन ते चार दिवस टिकते. थँक्सगिव्हिंग गुरुवारी, तुमचा मजकूर रविवारी. वाचकाच्या हाती सोमवार तेवढा उरला, आणि तो आजच आहे. दरवर्षी हाच रविवार का? आधीच्या रविवारी छापलं तर कोणाला तरी उपयोग होईल. नाताळ चार आठवड्यांवर आहे, तेव्हाही पुष्कळ घरांत टर्की होईल. त्याआधी दुरुस्ती छापावी, आणि ती पुरवणीच्या त्याच पानावर, तितक्याच ठळक अक्षरात.

आपली नियमित वाचक,
न्यू जर्सी