लँडची निवड डेकच्या शेवटी नव्हे, आरंभी व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळाची ओळख करून देणारा लेख वाचला. मराठी वृत्तपत्रात या खेळाला एवढी जागा मिळाली याचा आनंद आहेच, आणि लेखकाने ड्रॅगन, देवदूत व चेटक्यांची वर्णनेही रंगवून केली आहेत. मात्र डेक कसा बांधावा हे सांगताना, आवडते पत्ते निवडून झाले की उरलेल्या जागा लँड्सनी भराव्यात, अशा आशयाचे एकच वाक्य लिहून ते पुढे गेले. नवा खेळाडू नेमका इथेच फसतो, म्हणून हे पत्र.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडेसे. गणितज्ञ रिचर्ड गारफिल्ड यांनी तयार केलेला हा खेळ ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या अमेरिकी कंपनीने १९९३ साली बाजारात आणला. प्रत्येक खेळाडू स्वतः निवडलेल्या पत्त्यांचा डेक घेऊन बसतो. नेहमीच्या प्रकारात तो किमान ६० पत्त्यांचा असतो आणि एका नावाचे चारपेक्षा अधिक पत्ते त्यात चालत नाहीत. याला मुख्य अपवाद बेसिक लँड्सचा. मंत्र टाकायचा असो वा प्राणी उतरवायचा असो, त्याची किंमत ‘माना’ने, म्हणजे जादूच्या शक्तीने, मोजावी लागते, आणि हा माना प्रामुख्याने ‘लँड’ नावाच्या पत्त्यांमधून मिळतो. पांढऱ्या मानासाठी प्लेन्स, निळ्यासाठी आयलंड, काळ्यासाठी स्वॉम्प, लालसाठी माउंटन आणि हिरव्यासाठी फॉरेस्ट अशी बेसिक लँड्सची पाच रंगांत व्यवस्था आहे. एका पाळीत एकच लँड उतरवता येते. त्यामुळे एखाद्या पाळीत लँड हाती आली नाही, किंवा आली पण चुकीच्या रंगाची आली, तर ती पाळी भरून काढण्याचा साधा मार्ग उरत नाही.

प्रथम संख्येबद्दल. ६० पत्त्यांत २४ लँड्स असतील तर सुरुवातीच्या सात पत्त्यांत लँड मुळीच नसण्याची किंवा एकच असण्याची शक्यता सुमारे १४ टक्के येते, म्हणजे साधारण सात डावांतून एकदा. मोहापायी चार लँड्स काढून त्या जागी चार आवडते पत्ते घातले आणि लँड्स २० वर आणल्या, की हीच शक्यता जवळजवळ २५ टक्क्यांवर जाते. पत्ते बदलून घेण्याची सोय आहे. २०१९ पासूनच्या नियमानुसार पुन्हा सात पत्ते घेऊन त्यांतला एक डेकच्या तळाशी सारायचा असतो. पण ती सोय म्हणजे एका पत्त्याचा तोटा सोसून सुरुवात करणे होय. स्वस्त मंत्रांच्या, झटपट हल्ला करणाऱ्या एकरंगी डेकला २० लँड्स पुरतात हे खरे. चार-पाच मानाचे पत्ते भरलेल्या डेकला त्या पुरत नाहीत.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण आपल्याकडील बरीच तरुण मंडळी हा खेळ प्रथम ‘मॅजिक अरीना’ या संगणकीय आवृत्तीत शिकतात. तिथे एकाच डावाच्या सामन्यांत संगणक एकाहून अधिक संभाव्य हात काढून पाहतो आणि डेकमधील लँड्सच्या प्रमाणाशी जुळणारा हात देण्याकडे त्याचा कल असतो. तिथे कमी लँड्सवर निभावलेला खेळाडू प्रत्यक्ष पत्ते पिसून खेळायला बसला, की नशिबाला दोष देऊ लागतो. कागदी पत्त्यांना अशी दयामाया ठाऊक नाही.

संख्येनंतर रंग येतो, आणि माझ्या मते खरा विचार इथेच लागतो. काळ्या-हिरव्या डेकचे उदाहरण घेऊ. २४ लँड्सपैकी १२ स्वॉम्प आणि १२ फॉरेस्ट ठेवल्या, तर पहिल्या सात पत्त्यांत काळा माना देणारी एकही लँड नसण्याची शक्यता १९ टक्के येते. त्याऐवजी दोन्ही रंग देणाऱ्या १२ लँड्स आणि प्रत्येकी सहा बेसिक अशी रचना केली, तर काळा देणाऱ्या लँड्स १८ होतात, हिरवा देणाऱ्याही १८ होतात आणि तीच शक्यता सात टक्क्यांवर येते. डेकमधला एकही मंत्र न बदलता एवढा फरक पडतो. फ्रँक कार्स्टेन या गणिती खेळाडूने अशा स्रोतांचे तपशीलवार हिशेब मांडले आहेत. पहिल्याच पाळीत एका रंगाचा एक मानाचा पत्ता भरवशाने उतरवायचा असेल तर ६० पत्त्यांत त्या रंगाचे १४ स्रोत हवेत, हा त्यांचा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. दोन रंगांत पहिल्या पाळीचे पत्ते घालणाऱ्याने आपल्या लँड्स एकदा या मापाने मोजून पाहाव्यात.

दोन रंग देणारी लँड म्हटली की ती चांगलीच, असा समज मात्र करून घेऊ नये. यांतील बहुतेकींना काही ना काही किंमत आहे, आणि सर्वांत फसवी किंमत म्हणजे लँड आडवी, म्हणजे टॅप्ड, येणे. अशी लँड त्या पाळीत माना देत नाही. तो पुढची तारीख टाकलेला धनादेश आहे. एखादा असला तर चालून जाते, हातात तीन असले की अडचण होते. परवाच एका नवख्या मुलाचा कमांडर प्रकारचा डेक पाहत होतो. १०० पत्त्यांचा, काळा-हिरवा, मंत्र अगदी विचाराने निवडलेले. पण लँड्समध्ये गोल्गारी गिल्डगेट, जंगल हॉलो, टेम्पल ऑफ मॅलडी, हिसिंग क्वॅगमायर, ट्रीटॉप व्हिलेज आणि बोजुका बॉग, सगळ्या टॅप्ड येणाऱ्या. दुसऱ्या पाळीला त्याच्या हातात दोन मानाचा उत्तम पत्ता होता, पण उतरवायला होत्या त्या गिल्डगेट आणि टेम्पल. समोरच्याचा दुसरा प्राणी पटावर आला तेव्हा याच्या समोर दोनच लँड्स होत्या, त्यांतली नवी आडवी, बाकी काही नाही.

याच दोन रंगांत निवडीला किती वाव आहे ते पाहा. लानोवार वेस्ट्स उभी येते, म्हणजे उतरल्या पाळीतच माना देते. रंगहीन माना फुकट देते आणि काळा किंवा हिरवा देताना एक इजा करते, म्हणजे आपलेच एक आयुष्य कमी करते. वीस आयुष्यांनी सुरू होणाऱ्या डावात, समोर लाल आक्रमक डेक असेल तर ही इजा बोचते. चाळीस आयुष्यांच्या कमांडरमध्ये ती फारशी जाणवत नाही. वुडलँड सेमेटरी ही स्वॉम्प किंवा फॉरेस्ट आधीपासून पटावर असेल तरच उभी येते. ब्लूमिंग मार्श इतर लँड्स दोन किंवा त्याहून कमी असतील तर उभी येते, आणि डेथकॅप ग्लेड नेमके उलट, इतर लँड्स दोन किंवा अधिक असतील तर. म्हणजे झटपट डेकला ब्लूमिंग मार्श शोभते आणि सहाव्या-सातव्या पाळीपर्यंत रेंगाळणाऱ्या डेकला डेथकॅप ग्लेड. अंडरग्रोथ स्टेडियम दोन किंवा अधिक प्रतिस्पर्धी असतील तर उभी येते, त्यामुळे चौघांच्या कमांडरमध्ये ती जवळजवळ निर्दोष ठरते आणि दोघांच्या डावात अगदी सामान्य. एकाच रंगजोडीच्या या लँड्सपैकी कोणती सर्वांत चांगली, या प्रश्नाला डेक पाहिल्याशिवाय उत्तर नाही.

या लँड्स एकमेकींशी कशा जुळतात हेही पाहावे लागते, आणि याकडे दुर्लक्ष फार होते. ओव्हरग्रोन टूम्ब ही लँड दोन आयुष्ये मोजली तर उभी येते, पण तिचे खरे मोल असे की ती एकाच वेळी स्वॉम्पही आहे आणि फॉरेस्टही. म्हणून ती पटावर असताना वुडलँड सेमेटरी उभी येते. लानोवार वेस्ट्स दोन्ही रंग देत असली तरी या दोहोंपैकी काहीच नाही, त्यामुळे तिच्या मागोमाग आलेली सेमेटरी आडवीच पडते. व्हर्डंट कॅटाकोम्ब्सने डेकमधून स्वॉम्प किंवा फॉरेस्ट शोधता येते, म्हणजेच ओव्हरग्रोन टूम्बही शोधता येते. फारसीक या लँड शोधणाऱ्या हिरव्या मंत्राला फॉरेस्ट चालत नाही, पण स्वॉम्प चालते, आणि टूम्ब स्वॉम्प असल्याने तोही तिला उचलतो. नेचर्स लोअर फॉरेस्ट शोधतो आणि ती आडवी आणण्याची सक्ती करत नाही. असे धागे जुळले की डेक विनासायास चालतो. ज्याच्या डेकमध्ये वुडलँड सेमेटरी आहे पण स्वॉम्प वा फॉरेस्ट या जातीच्या लँड्स मोजक्याच आहेत, त्याने एक चांगली लँड वाया घालवली असे मी म्हणेन.

आता माना देण्यापलीकडे काही काम करणाऱ्या लँड्स. नव्या खेळाडूंना यांचे आकर्षण मोठे असते आणि ते रास्तही आहे, कारण लँडची जागा तर द्यायचीच आहे, मग तिच्याकडून आणखी एक काम करून घेतले तर बिघडले काय? बोजुका बॉग उतरताच एका खेळाडूचे संपूर्ण स्मशान, म्हणजे वापरून झालेल्या पत्त्यांचा ढीग, कायमचे हद्दपार करते. कॅसल लॉकथ्वेन स्वॉम्प असेल तर उभी येते, काळा माना देते आणि डाव लांबला की पत्ताही मिळवून देते. बोसेजू, हू एन्ड्युअर्स ही तर उभी येते, हिरवा देते आणि गरज पडल्यास हातातूनच वापरून प्रतिस्पर्ध्याची एखादी यंत्रवस्तू, जादूचा अंमल किंवा बेसिक नसलेली लँड नष्ट करते. या तिघींचा समान गुण असा की त्या डेकला लागणारा रंग देतात. रंगहीन माना देणाऱ्या उपयुक्त लँड्सबाबत हात आखडताच ठेवावा. रेलिक्वरी टॉवर हे याचे ठळक उदाहरण. हातातील पत्त्यांवरची सातची मर्यादा ती उठवते, आणि कमांडरच्या कित्येक डेकमध्ये ती केवळ सवयीने घातलेली दिसते. ज्या डेकमध्ये पाळीच्या अखेरीस हातात आठ पत्ते क्वचितच उरतात, त्यात ती म्हणजे रंग न देणारी बेसिक लँड, आणि तीही काहीशी कमी दर्जाची. दोन रंगांच्या डेकमध्ये अशा तीन-चार लँड्स खपतात. तीन रंगांत मी एकदेखील दहा वेळा विचार करून घालतो. सामान्य पत्त्यांप्रमाणेच प्रत्येक उपयुक्त लँडला विचारावे : ही कोणत्या डावात, कितव्या पाळीला माझ्या कामी येणार? उत्तर सुचले नाही तर तिच्या जागी एक स्वॉम्प ठेवावी.

साध्या बेसिक लँड्सना कमी लेखण्याचीही एक फॅशन आहे. पण ब्लड मूनसारखा पत्ता पटावर आला की बेसिक नसलेली प्रत्येक लँड माउंटन होऊन बसते, वेस्टलँड किंवा फील्ड ऑफ रुइन यांना बळी पडतात त्याही बेसिक नसलेल्याच. शिवाय प्रतिस्पर्ध्याने पाथ टू एक्झाइल टाकून आपला प्राणी हद्दपार केला, की त्या बदल्यात डेकमधून बेसिक लँड घेण्याचा हक्क मिळतो. डेकमध्ये बेसिकच नसेल तर तो हक्क वाया जातो.

खर्चाबद्दल थोडे लिहिणे भाग आहे, कारण हे छंद पालकांच्या खिशातून चालतात. दोन रंग देणाऱ्या मूळच्या दहा लँड्स, ज्यांत काळ्या-हिरव्याची बायू येते, पुन्हा छापणार नाही असे कंपनीने १९९६ सालच्या राखीव यादीने जाहीर केले आहे आणि त्यांच्या किमती सामान्य खेळाडूच्या आवाक्याबाहेर गेल्या आहेत. त्यांच्या मागे लागण्याचे काही कारण नाही. लानोवार वेस्ट्स आणि वुडलँड सेमेटरी यांच्या घरातील लँड्स वेळोवेळी पुन्हा छापल्या गेल्या आहेत, कमांडर प्रकारात कमांड टॉवर तर तयार डेकमध्येच मिळते, आणि एवढ्यावर दोन रंगांचा डेक उत्तम उभा राहतो. चकाकणाऱ्या एका ड्रॅगनच्या पैशांत अशा कितीतरी लँड्स येतात, आणि ड्रॅगन बदलला तरी त्या पुढच्या डेकमध्ये कामी येतात.

लेखासोबत नमुन्याचा एक डेक छापला होता, त्यात मंत्रांची नावे एकेक करून दिली होती आणि शेवटी केवळ ‘२३ लँड्स’ एवढेच लिहिले होते. पुढील भागात डेक छापणार असाल तर त्या २३ लँड्सचीही नावे, आणि त्यांतील किती आडव्या येतात हा आकडा, अवश्य द्यावा, ही लेखकांना व आपल्याला विनंती.

आपला,
एक वाचक, ठाणे