विषय : छापील पोलादी सांध्यांसोबत तारेचे सर्टिफिकेट पाठवल्याबद्दल तक्रार

प्रति,
विक्री व्यवस्थापक,
धातू थ्रीडी प्रिंटिंग विभाग

महोदय,

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या चादर कारखान्यात दोन शेडच्या मधून नाला जातो. त्यावर कामगारांसाठी छोटा पूल टाकायचा आहे. त्याचे स्टेनलेस स्टीलचे सांधे आम्ही आपल्याकडून वायर-आर्क पद्धतीने, म्हणजे विजेच्या आर्कने धातूची तार वितळवून थरावर थर चढवत, छापून घेतले. माल दिसायला देखणा आहे. पण सोबतचे टेस्ट सर्टिफिकेट पाहून आमच्या स्ट्रक्चरल इंजिनियरनी काम थांबवले.

ते सर्टिफिकेट तारेचे आहे, सांध्याचे नाही! तार वितळली, थरावर थर चढला, प्रत्येक नव्या थराने खालचा पुन्हा तापवला. एवढे होऊनही धातूचे गुण तारेचेच राहिले, हे कशावरून? लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात अशा छापील स्टेनलेसचे नमुने थरांच्या दिशेने, काटकोनात आणि ४५ अंशांत कापून ओढून पाहिले, तेव्हा ४५ अंशांतला ताठरपणा सर्वांत जास्त भरला, बाकी दोन्ही दिशांचा बराच कमी. सुताचा दाखला दाखवून आम्ही चादर विकत नाही, साहेब.

जाडीचेही तसेच. पृष्ठभाग लाटालाटांचा येणार, ही या पद्धतीची जातच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण आपण लिहिलेली ८ मिमी उंचवट्यावरची आहे. खोलगटीत ६.५ भरते, आणि हिशेब तिथलाच धरावा लागतो.

फोन केला की आपले प्रतिनिधी ॲमस्टरडॅमच्या अशाच छापील पोलादी पुलाचे नाव घेतात. २०२१ साली खुला झालेला तो सुमारे १२ मीटरचा पादचारी पूल आधी भार टाकून तपासला होता, त्यावर सेन्सरही बसवले होते. आमच्या सांध्याची यातली एकही तपासणी झालेली नाही. ब्रोशरवरच्या फोटोवर माणसे चालवायची का?

तरी त्याच यंत्रावर, त्याच तारेने आणि त्याच सेटिंगवर पट्टी छापून तिन्ही दिशांच्या नमुन्यांची एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत ताण चाचणी करून द्यावी. एक सांधा आमच्या इंजिनियरसमोर भार टाकून दाखवावा. खर्च आपला. जमत नसेल तर माल उचलून न्यावा आणि आगाऊ रक्कम परत करावी. तोवर उरलेले बिल दिले जाणार नाही. उत्तर पंधरा दिवसांत आणि लेखी हवे. फोनवरची आश्वासने पुरे झाली.

कळावे,
एक चादर कारखानदार, सोलापूर
(नाव-पत्ता ऑर्डरवर आहे)