माळवद उतरवा, पण सिमेंटचे पत्रे नकोत

ती. आई-बाबा,
सा. न.

काल फोनवर बोलणं अर्धवट राहिलं. गवंड्याला इसार देण्याआधी एवढं वाचा.

माळवद, आपलं ते मातीचं सपाट छत, उतरवायचं ठरवलंत, फार बरं वाटलं. आई, छतातल्या सवण्याच्या झरोक्यातून पडणाऱ्या कवडशात बसून तू गहू निवडायचीस, ती जागा माझ्याही जिवाची आहे. वैशाखात तसा गारवा दुसऱ्या कुठल्या छपराखाली मिळायचा नाही, हेही खरं. पण गळतं म्हणून दर पावसाळ्याआधी आपण माती टाकत गेलो आणि थर दीड फुटावर गेला. म्हणजे चौरस फुटाला साठ-सत्तर किलो, तेही चिखलात रचलेल्या दगडी भिंतींवर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीकडे भूकंपात माणसं दबली ती असल्याच भिंती-माळवदाखाली. त्यानंतर कित्येक रात्री आपण अंगणात काढल्या. बाबा कंदील विझू देत नव्हते.

सिमेंटचे पत्रे स्वस्त पडतात, पण बहुतेकांत ॲस्बेस्टॉस असतो. बाबा, गोठ्याचा पत्रा तुम्ही करवतीनं कापला होता, तेव्हा मिशांवर पांढरी धूळ बसली होती. ती आठवली की आजही पोटात गोळा येतो. ॲस्बेस्टॉसचे तंतू छातीत जातात आणि दुखणं वीस-तीस वर्षांनी वर येतं. गोठ्यावरचे जुने पत्रे उतरवायचे झाले तर पाणी मारून, अख्खे उतरवायला सांगा. फोडू नका.

मंगलोरी कौलं मला मनापासून आवडतात. चौरस फुटाला साडेतीन किलोच्या आसपास वजन, फटींतून हवा खेळती. पण आपल्याकडे वानरांचा धुडगूस आणि वर गारपीट. दरसाल कौलं परतायला शिडीवर बाबाच चढणार, ते मला नको.

इथे पुण्यात काही बंगल्यांवर डांबरी शिंगल्स, म्हणजे कौलांसारखे एकावर एक बसवलेले पातळ तुकडे, दिसतात, वर बारीक खड्यांचा थर असतो. देखणं काम आहे. मात्र खाली सलग प्लायवूड लागतं, पाणी मुरलं की ते फुगतं, आणि दुरुस्तीला गावात माणूस मिळायचा नाही.

म्हणून माझं मत, पांढऱ्या रंगाचा लोखंडी पत्रा घ्या, अर्धा मिलिमीटर जाडीचा. चौरस फुटाला जेमतेम अर्धा किलो. खाली इन्सुलेशनचा थर हवाच, नाहीतर मे महिन्यात घराची भट्टी होईल आणि पावसात एकमेकांचं बोलणं ऐकू येणार नाही. आढ्याशी गरम हवा जायला वाट ठेवा. छपराच्या कैच्या, म्हणजे पत्र्याखालचे तिकोनी सांगाडे, जुन्या भिंतींवर टेकवू देऊ नका, लोखंडी खांब उभे करून त्यांवर घ्या. हलका पत्रा वळवाच्या वाऱ्यात उडतो, वर दगड ठेवून भागत नाही. रबरी वायसरचे स्क्रू जवळजवळ मारायला लावा, आणि मारताना बाबांनी खालीच खुर्ची टाकून बसावं.

पैशांची काळजी करू नका, मी शनिवारी येतेय.

आणि सवणं होतं त्या खणावर एक पारदर्शक पत्रा बसवायला सांगते. आई, कवडसा तुझ्या सुपापाशीच पडेल.

तुमची लेक